माल्टोजची अर्धी बाटली

सर, तुम्ही पळालात. याला दुसरा शब्द नाही.

काल तुमचं तेरावं झालं. माईंनी हाताला धरून पानावर बसवलं, मी जेवले, आणि आज हे लिहायला बसले आहे. इतके दिवस लोक तुमच्याबद्दल जे बोलतायत ते ऐकून माझे कान किटले. कॉलेजला मे महिन्याची सुट्टी, तरी गावात होते तेवढे सगळे शोकसभेला जमले. कोणी म्हणालं अजातशत्रू, कोणी म्हणालं ऋषितुल्य. प्राचार्य तर म्हणाले, 'सरांनी आयुष्यात कुणाचं मन दुखवलं नाही.' मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मला बोलायला उठवलं तेव्हा 'सर माझे गुरू होते' एवढंच म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, शिवलकर बाईंना हुंदका आला. हुंदका कसला डोंबलाचा! तोंड उघडलं असतं तर तुमचा फोटो हारासकट खाली आला असता.

आपलं भांडण कशावरून होतं हे त्या सभेत कुणालाच धड माहीत नव्हतं. साखरेवरून होतं म्हटलं असतं तर हसले असते.

आपल्या आतड्यात राहणारा तो एवढासा जंतू. त्याच्या अंगावर स्निग्धाची कातडी, आणि साखर काही स्निग्धातून जात नाही. म्हणून त्या कातडीत प्रथिनांच्या बारीक बारीक नळ्या असतात, त्यातून साखर आत जाते. हे तुम्हीच मला शिकवलंत, इथपर्यंत आपलं एकमत. पुढे तुमचं म्हणणं, 'भोक म्हणजे भोक. मावेल तो जाईल, न मावेल तो बाहेर राहील. चाळणीला काय डोळे असतात?' आणि माझं म्हणणं, सगळी भोकं तशी नसतात, एक भोक साखर ओळखतं. आपली चहातली साखर आणि माल्टोज, म्हणजे धान्याला मोड आले की त्याच्या पिठातून तयार होते ती साखर, दोघींचा आकार साधारण सारखा, वजन सारखं. नुसती चाळणी असेल तर दोघी एकाच वेगाने गेल्या पाहिजेत. पण त्या एका नळीतून माल्टोज सरसर जाते आणि चहातली साखर दाराशी रेंगाळत बसते. हे मी मुंबईला एका ग्रंथालयात परदेशी नियतकालिकात वाचून आले होते. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, 'परदेशातल्या भोकांचं मला सांगू नकोस गो. इथे रत्नागिरीत करून दाखव.'

तुम्ही म्हणालात म्हणजे मला करणं भागच होतं. कारण मी प्रयोगशाळेत उभी होते तीच मुळात तुमच्यामुळे. बी.एस्सी. झाल्यावर बाबांनी माझं लग्न ठरवायला घेतलं, तेव्हा तुम्ही भर उन्हात एस.टी.ने आमच्या गावाला आलात. गुहागरला उतरून पुढे जांभ्याच्या तापलेल्या सड्यावरून चालत आलात. आमच्या ओटीवर बसून बाबांना सांगितलंत, 'पोरीचा हात सूक्ष्मदर्शकाला बसलाय. तो पोळपाटाला लावायची घाई करू नका.' आईने बिचकत बिचकत नाचणीची भाकरी वाढली. तुम्ही ती खाल्लीत, आणखी मागितलीत, आणि 'वहिनी, अशी भाकरी आमच्या घरी जमत नाही हो' म्हणालात. आई अजूनही ते सांगते. त्या भाकरीमुळेच तुमच्यावरचा माझा राग इतका खोल गेला.

तर प्रयोग. कोंबडीच्या अंड्याच्या बलकातलं स्निग्ध काढायचं, त्याचे डोळ्याला न दिसणारे बुडबुडे करायचे आणि त्या बुडबुड्यांत जंतूच्या नळ्या बसवायच्या. मग ते साखरेच्या पाण्यात सोडायचे. साखर नळीतून आत गेली की मागोमाग पाणी जातं, बुडबुडे फुगतात आणि गढूळ पाणी निवळत जातं. गढूळपणा मोजणाऱ्या कलरीमीटरचा काटा सरकतो. भराभर सरकला तर साखर भराभर जातेय, रेंगाळला तर रेंगाळतेय. आपल्याकडे होतं त्या सामानात बसणारा प्रयोग होता. अडचण दोनच. एक अंडी. मी बलक वेगळा करायला लागले की तुम्ही नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात जायचात आणि तिथून ओरडायचात, 'खिडकी उघड आधी!' तुमच्या सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावलेला नव्हता. दुसरी अडचण माल्टोजची. त्याची बाटली कॉलेजात नव्हती, आणि दरवर्षी मी मागितली की तुम्ही काट मारायचात. 'असली साखर मागवायला आपल्याकडे काय कार्य निघालंय?'

मग मी माझ्या आईकडे गेले. तिने नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, दळली. त्या पिठाचं पाणी कोमट ठेवून, गाळून, आटवून मी माल्टोज केली. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच डोकं चालवलं. आणि काटा सरकला, सर! चहातल्या साखरेला ढिम्म हलत नव्हता तो नाचणीच्या पाण्याला सरसरून खाली आला. मी तीनतीनदा करून बघितलं आणि मगच पोरांच्या परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले तेव्हा मांडून ठेवलं.

तुम्ही आलात. फ्लास्क उचललात, वास घेतलात. 'शिवलकर, हे काय? नाचणीचं सत्त्व? अगो, ही प्रयोगशाळा आहे, बाळंतिणीची खोली नव्हे.' आणि माझ्यासमोर, परीक्षकांसमोर, बारा गावच्या पोरांसमोर ते बेसिनमध्ये ओतून दिलंत. सगळे हसले. परीक्षकही हसले. तुम्ही वरून नळ सोडलात.

संध्याकाळी मला खोलीत बोलावून शास्त्र सांगितलंत. तुझ्या त्या काढ्यात ग्लुकोजही आहे, ते माल्टोजपेक्षा बारीक, ते कुठल्याही भोकातून उंदरासारखं घुसणार, काटा त्यानेच हलला नसेल कशावरून? शुद्ध माल्टोज आण, मग बोल. शंका खोटी नव्हती, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण शंका सांगायला बेसिन लागतं का हो? सुट्टीत घरी गेले तर आईचा पहिला प्रश्न, 'काय गो, आवडला काय तुझ्या सरांना सत्त्व?' मी म्हटलं, 'होय.' ती बिचारी दिवसभर खुशीत होती.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मागत होते. पगारवाढ नको, बढती नको. एक दिवस तुम्ही माझ्या टेबलाशी यावं, काट्याकडे बघावं आणि 'शिवलकर, तुझं बरोबर' म्हणावं. तेवढ्यासाठी मी तुमच्या नाकासमोर तग धरून होते. तुम्ही मात्र रोज वर्गात जाऊन ठणकावून यायचात, भोक म्हणजे भोक. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, थांबा म्हातारबा, तुमची जिरवल्याशिवाय मी काही हे कॉलेज सोडत नाही.

आणि तुम्ही सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच गेलात. म्हणे किती भाग्यवान मरण! भाग्यवान कसलं, पळपुटं मरण!

आता दहाव्याचं सांगते. ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते. तुमचे चिरंजीव आणि बाकीचे पुरुष खाडीवर गेले होते. घरी माई एकट्या नकोत म्हणून मी सकाळीच आले. मधल्या खोलीत आंब्याची अढी लागलेली, घरभर हापूसचा वास, आणि सुतकात कुणाला त्या आंब्यांची शुद्ध नाही. माई मागच्या पडवीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, 'ये. तुला एक दाखवायचंय. कुणाला बोलू नकोस.' आत गेल्या आणि तुमच्या पुस्तकांच्या कपाटातून, मागच्या ओळीतून, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बाटली घेऊन आल्या.

'बघ ह्यांची चोरी,' म्हणाल्या. 'डॉक्टरांनी साखर बंद केली, मी घरात गुळाचा खडा ठेवत नव्हते. आणि हे इथे लपवून खात होते. औषधाच्या दुकानात नेऊन दाखवली मी. तो म्हणाला, काकू, ही साखरच आहे, वेगळ्या जातीची.'

मी बाटली हातात घेतली. माल्टोज. शुद्ध. मुंबईहून मागवलेली. दमट हवेने दगडासारखी बसलेली, झाकणाला तुम्ही लावता तशीच चिकटपट्टी, दोन वेढे आणि टोक आत दुमडलेलं. अर्धी संपलेली.

माई बोलतच होत्या. 'एवढ्यावर थांबले असते तरी बरं. अगो, अंडी आणायचे! रविवारी कॉलेजात काम आहे म्हणून जायचे, आणि पिशवीत अंडी. एकदा सदऱ्याच्या बाहीला बलक लागलेला बघितला मी. ह्या घरात! विचारलं तर मान खाली. चांगली तासभर ओरडले. मग मी म्हटलं, चोरून एवढं खाताय ना, मग आंब्याची फोडसुद्धा मिळायची नाही. दोन हंगाम गो, दोन हंगाम मी त्यांना हापूस चाखू दिला नाही.'

सर, माझं काय झालं असेल, कल्पना करा. अंडी, रविवार, आणि अर्धी माल्टोज. माल्टोज चवीला जेमतेम गोड. गोडाला हपापलेला माणूससुद्धा ती चोरून खाणार नाही. तुम्ही माझा प्रयोग केलात! रिकाम्या प्रयोगशाळेत, नाक दाबून, स्वतःच्या हाताने बलक वेगळा केलात. ते बघायला मिळालं असतं तर मी वर्षभर पगार घेतला नसता. आणि काटा सरकला. सरकलाच. कारण तो सरकला नसता तर सोमवारी पहिली घंटा व्हायच्या आत तुम्ही मला हाक मारून, चार पोरं साक्षीला उभी करून सांगितलं असतंत, 'शिवलकर, तुझ्या भोकाला डोळे नाहीत.' तुम्ही गप्प बसलात, यातच सगळं आलं.

मग मला आणखी एक आठवलं. गेल्या वर्षी तुमच्या वर्गावरून जाताना मी थबकले होते. तुम्ही म्हणत होता, 'बहुतेक भोकं चाळणीसारखी असतात.' बहुतेक! तुमच्या तोंडात तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, वय झालं, थकले. तर ती तुमची कबुली होती, ती दिलीत कुणाला, तर मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोरांना. मी दोन भिंतींपलीकडे होते, मला नाही दिलीत. बायकोच्या नजरेत साखरचोर झालात, अंडीखाऊ झालात, हापूस सोडलात, पण 'शिवलकर, तुझं बरोबर' हे तीन शब्द तुमच्याने बोलवले नाहीत. केवढा हा ताठा!

मी माईंना सगळं सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुमचा पुतण्या स्कूटरवरून आला, घामाघूम. 'काकी, कावळा शिवत नाहीये. दादाने सगळं बोलून झालं. आईला सांभाळीन, घर विकणार नाही, सगळं. पिंडाशेजारी आंब्याची फोडही ठेवली. कावळे झाडावर बसलेत, खाली येत नाहीत. काकांचं काही राहिलंय का, विचारून ये म्हणालेत.'

आंबा म्हटल्यावर माईंचा बांध फुटला. 'माझ्यामुळेच गो. त्यांचा आंबा राहिला. आता दिला तर कशाला घेतील?' मग माझा हात धरला. 'तू रोज त्यांच्याबरोबर असायचीस. तू खोटं नाही बोलायचीस. खरं सांग, चोरून गोड खात होते ना ते?'

आणि तिथे मला माझा सूड दिसला. आयता. ज्याने माझं बरोबर असल्याचं पोटात ठेवलं, त्याचं निर्दोष असल्याचं मी पोटात ठेवणार. माझी नाचणी बेसिनमध्ये गेली, आता तुमची अब्रू जाऊ दे. साखरचोर म्हणून गेलात, साखरचोरच राहा. मी माईंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, 'होय.'

माईंनी डोळे पुसले. आणि सर, त्यांचा चेहरा असा सैल झाला की मी बघतच राहिले. 'मग बरं झालं,' म्हणाल्या. 'मला वाटायचं, माझा संशय खोटा असेल तर? उगाच आंबा तोडला असेल तर? झोप लागायची नाही. खात होते ना? मग त्यांची जीभ काही उपाशी गेली नाही.' पुतण्याला म्हणाल्या, 'जा. त्यांना म्हणावं, चोरून खाल्लंत ते सगळं माफ. साखर माफ, अंडीही माफ. माझ्या मनात काही नाही.'

स्कूटर गेली. मी बाटली धरून पडवीत बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी स्वतःच माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. आता खरं सांगायचं म्हणजे माईंना सांगायचं की तुमचा नवरा काहीही चोरून खात नव्हता आणि तुम्ही निरपराध माणसाचे शेवटचे दोन हंगाम कोरडे नेलेत. ते मी कुठल्या तोंडाने सांगू? माझं बरोबर होतं हे तुम्हाला पटलं होतं, याचा जगात एकच पुरावा, आणि तो दाखवायचा तर त्या बाईचं काळीज कापायचं. मी सूड घ्यायला गेले आणि सर, तुम्हालाच सोडवून आले.

पुरुष परत आले ते आनंदात. निरोप सांगायची खोटी, म्हणे, की एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. सगळे म्हणाले, बघा, माफीसाठी जीव अडकला होता. माईंनी हात जोडले. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं, नाहीतर मोठ्याने ओरडले असते. माफीसाठी? केलेल्या चुकीची माफी तुम्ही माझ्याकडे कधी मागितली नाहीत, आणि न केलेल्या चोरीची मात्र टुणकन उडी मारून घेतलीत! तुमचा जीव कशात अडकला होता ते मी सांगते. शिवलकर तोंड उघडेल की काय, यात.

नाही उघडलं. माई आहेत तोवर उघडणारही नाही. जिंकलात, जा.

पण बाटली माझ्याकडे आहे. माई म्हणाल्या, 'घेऊन जा बाई, घरात नको ती.' आज रविवार. दुपारी अंडी घेऊन मी कॉलेजात गेले, विभागाचं कुलूप उघडलं. तुमच्या खुर्चीवरची धूळ पुसली आणि ती ओढून माझ्या टेबलाशी ठेवली. चाकूने दगड फोडून तुमची उरलेली माल्टोज पाण्यात विरघळवली. बलकाचा वास सुटला तरी खिडकी मुद्दाम उघडली नाही. चहातल्या साखरेला काटा रेंगाळला. मग तुमची माल्टोज घातली. सरसर खाली आला, नाचणीला आला होता तसाच. मी खुर्चीकडे वळून बघितलं आणि इतका वेळ मला आलं नव्हतं ते रडू मला तिथे आलं. सर, बघायला तुम्ही हवे होता हो. दुसऱ्या कुणाला दाखवायचंच नव्हतं मला.

थोडी माल्टोज मी मागे ठेवली आहे. जूनमध्ये पोरं आली की पहिल्या तासाला हाच प्रयोग मांडणार आहे. शेजारी आईची नाचणीही ठेवणार आहे, आणि बेसिनचा नळ बांधून. पोरं विचारतील, बाई, हे सरांना माहीत होतं का? मी 'होय' म्हणेन, कसं ते सांगणार नाही. या वेळी ते खरं असेल.

तुम्ही चुकला होता, सर. बहुतेक नाही. पूर्ण.